प्रशियन निळ्याचा साठा जिल्ह्याजिल्ह्यांत हवा

बर्लिन शहरात 1706 च्या सुमारास डीसबाख नावाचा रंगकार किरमिजी रंग सिद्ध करू पाहत असता, हाती आलेला पोटॅश प्राणिज तेलाने दूषित झालेला असल्यामुळे, लालऐवजी जो गडद निळा साका तळाशी बसला, तोच पुढे प्रशियन निळा म्हणून जगन्मान्य झाला. महागड्या लाजवर्दावाचून अडलेल्या चित्रकारांची त्याने सोय केली आणि जपानात चित्रकार होकुसाईच्या ‘प्रचंड लाट’ या चित्राला आपला वर्ण दिला. ही कीर्ती रास्तच आहे. परंतु या रंगाचे श्रेष्ठ कार्य चित्रशाळेत नव्हे, तर इस्पितळात घडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

1987 साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात, ओस पडलेल्या एका दवाखान्यातून किरणोपचाराच्या यंत्राचा भाग भंगार म्हणून उचलला गेला. त्यातून निघालेली, अंधारात निळसर चमकणारी भुकटी आप्तेष्टांत कौतुकाने वाटली गेली, कोणी ती अंगालाही चोळली, आणि ते सीझियम-137 आहे हे उमगेपर्यंत अनर्थ ओढवून चुकला होता. चौघे दगावले, 46 जणांना प्रशियन निळा पोटात देण्यात आला. शरीरातील सीझियम आतड्यात उतरते व तेथून पुन्हा रक्तात शोषले जाते. या रंगाच्या जाळीदार स्फटिकात ते अडकले म्हणजे ही फेरी तुटते, आणि एरवी निम्मे होण्यास सुमारे 110 दिवस घेणारे हे विष सुमारे 30 दिवसांतच निम्म्यावर येते. प्रशियन निळ्यातील सायनाइडच्या नावाने कोणी दचकू नये. लोहाशी ते अत्यंत घट्ट बांधलेले असते.

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात 2010 साली कोबाल्ट-60 ने एका कामगाराचा बळी घेतला. कोबाल्टावर हा उतारा चालत नाही, हे खरे. तथापि किरणोत्सर्गी वस्तू आपल्या भंगारात येणारच नाही, अशी खातरजमा करून घेण्यास त्या घटनेने जागा ठेवली नाही, आणि कुर्ल्याचा भंगार बाजार मायापुरीहून निराळा मानण्यास मला तरी कारण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये आणीबाणीसाठी साठवावयाच्या औषधांच्या यादीत प्रशियन निळ्याचा समावेश केला आहे. तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्याने जिल्हा रुग्णालयांतून त्याच्या साठ्याची तजवीज करावी, मुदत संपण्यापूर्वी तो बदलण्याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर सोपवावी, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरलाही ते कपाट कोठे आहे हे ठाऊक असेल, अशी व्यवस्था करावी.