पंप बंद, मग उन्हाचं काय?

जानेवारीत निफाडचा पारा 5 अंशांच्या आसपास उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्याच शिवारात दुपारी सौर पंपाची पॅनेल लख्ख उन्हात उभी असतात. पाण्याची पाळी झालेली, पंप बंद, आणि ऊन फुकट जातंय.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी किमतीच्या 10 टक्के भरतो. हे पंप महावितरणच्या लाइनला जोडलेले नाहीत, त्यामुळे उरलेली वीज विकताही येत नाही. मग ती वापरायची कशी?

थंड देशांतल्या हरितगृहांत मातीखाली तापणारी केबल टाकतात. टोमॅटो, ढोबळी मिरचीचं बी 25 ते 30 अंशांत झटकन उगवतं, गार मातीत रुसून बसतं. दुपारी तापवलेली माती रात्री हळूहळू ऊब सोडते, म्हणजे बॅटरीचा खर्च नाही. खाली थर्माकोल आणि वर प्लास्टिकचा बोगदा मात्र हवाच.

आम्ही हिशेब मांडून पाहिला. 5 एचपी पंपाची 4.8 किलोवॅटची पॅनेल हिवाळ्यात दिवसाला साधारण 20 युनिट देतात. एक चौरस मीटर ओली माती वीतभर खोलीपर्यंत 5 अंशांनी तापवायला, गळती धरून, एक युनिट लागतं. म्हणजे जेमतेम 20 चौरस मीटर, गुंठ्याचा पाचवा हिस्सा! दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचं स्वप्न कोणी विकत असेल तर सावध राहा. पण रोपवाटिकेसाठी एवढी जागा कमी नाही: 98 कप्प्यांचे 130 ट्रे बसतात, बारा हजारांवर रोपं. रोप उशिरा तर माल उशिरा, हे आपल्या बागवान कुटुंबांना काय सांगायचं!

अडचण कंट्रोलरची आहे. साधा कंट्रोलर फक्त मोटर चालवतो. केंद्राच्या कुसुम योजनेत ‘युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर’ची सोय आहे, त्यावर कडबाकुट्टी, पिठाची गिरणीही चालते. पण गावात किती जणांना हे सांगितलं जातं? पंप देताना ही माहिती देणं सरकारची जिम्मेदारी आहे, असं आम्हाला वाटतं.

अर्ज करणाऱ्यांनी हा पर्याय आधीच विचारून घ्यावा. ज्यांचा पंप बसलाय त्यांनी परस्पर वायर तोडून केबल जोडू नये. पॅनेलचा डीसी करंट जीवघेणा असतो, आणि पाच वर्षांची दुरुस्तीची हमीही हातची जाऊ शकते.