पैठणची वाट : प्रश्न घेऊन जाण्याची, उत्तर घेऊन परतण्याची

पैठण म्हटले की पैठणीचा मोर, नाथषष्ठीची गर्दी आणि जायकवाडीचा अथांग जलाशय डोळ्यांसमोर येतो. मराठवाड्यातील शाळांच्या सहली धरण आणि ज्ञानेश्वर उद्यान पाहून सायंकाळी परततात. त्यात वावगे काही नाही. परंतु आपल्या शाळेची मुलेही तेवढेच पाहून परतणार असतील, तर या नगराने जपून ठेवलेला एक मोठा ठेवा आपण त्यांच्यापासून दूर ठेवतो आहोत, असे आम्हाला वाटते.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी आणि दक्षिणापथावरील मोठी बाजारपेठ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नाविक-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. येथून अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून, खडतर मुलखातून भडोचला जात. तगर, म्हणजे आजचे तेर, येथून कापड आणि मलमल त्याच बंदराकडे रवाना होई.

ज्या वाटेने माल जातो, त्याच वाटेने माणसे आणि विचारही जातात. सुत्तनिपाताच्या शेवटच्या ‘पारायणवग्गा’त अशाच एका वाटेची कथा आहे. बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण आचार्य कोसल देश सोडून गोदावरीच्या तीरावर, अस्सक आणि अळक या जनपदांच्या सीमेवर येऊन राहिला होता. तथागतांची कीर्ती ऐकून त्याने आपले सोळा शिष्य त्यांच्या भेटीला पाठविले. ते पैठणहून निघाले. माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत असे टप्पे घेत श्रावस्तीला पोहोचले. तेथून कपिलवस्तू, कुशीनारा, वैशाली मागे टाकून मगधातील पाषाणक चैत्यापाशी त्यांना तथागत भेटले. या कथेची प्रास्ताविक गाथा मूळ प्रश्नोत्तरांहून नंतरची आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. ते मान्य केले तरी गोदाकाठापासून मगधापर्यंतची वाट तेव्हा लोकांना ठाऊक होती आणि ती धम्माच्या शोधाची वाट म्हणून स्मरणात राहिली, एवढे निश्चित.

या यात्रेचे वेगळेपण आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या सोळा जणांनी नवस केला नाही, काही मागितले नाही. प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला. जग कशाने झाकले गेले आहे, असे अजिताने विचारले आणि अविद्येने, असे उत्तर त्याला मिळाले. मोघराजाला दोनदा विचारूनही उत्तर मिळाले नव्हते. त्याने तिसऱ्यांदा विचारले आणि ते मिळविले. वर्गात एकदा हात वर करून दुर्लक्ष झाले की पुन्हा तोंड न उघडणाऱ्या आपल्या मुलामुलींना मोघराजाची ही गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे.

दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी येथे आपला समाज लाखोंच्या संख्येने जातो. तेथून परतणाऱ्यांच्या हाती पुस्तके असतात, ही आपल्या चळवळीची शोभा आहे. मात्र जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एखादा प्रश्न असतो का, हे आपण स्वतःला विचारावे. दर्शनाने मन भरते. प्रश्नाने ते घडते. बाबासाहेबांनी 1950 साली पैठणपासून अवघ्या पन्नासएक किलोमीटरवर औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा राजा आणि दुसरा उत्तर देणारा भिक्खू. या नावांतच शिक्षणाचा अर्थ सामावलेला आहे.

कोणी म्हणेल, पैठण हे नाथांचे क्षेत्र, तेथे आपले काय? आम्हाला हा विचार पटत नाही. एकनाथांचे पैठण, महानुभावांचे पैठण, विणकरांचे पैठण आणि बावरीच्या शिष्यांचे पैठण एकाच गावात नांदते. दुसऱ्याचे नाकारून आपले सिद्ध करण्याची गरज नाही. आपले ठाऊक असले म्हणजे पुरे.

दुसरी अडचण पैशाची. तिचे उत्तर सातमाळा डोंगरातील पितळखोरे लेण्यात कोरलेले आहे. तेथील एक स्तंभ पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाने दिला. दुसरा पैठणच्याच संघकाच्या पुत्रांनी दिला. अखंड लेणे कोरविणे या कुटुंबांना परवडले असते की नाही, कोण जाणे. त्यांनी एकेक खांब दिला आणि अशा खांबांवर लेणे उभे राहिले. तेथेच सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव आहे. धम्माला राजाश्रय मिळाला हे खरे, पण त्याचा भार बाजारपेठेतल्या कष्टकरी, व्यापारी माणसांनीही वाहिला.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. प्रवेशद्वाराला नवी कमान उभारण्यापूर्वी दरवर्षी नववीच्या मुलामुलींसाठी पैठण आणि पितळखोरे अशी अभ्यासयात्रा उभी करावी. एका माजी विद्यार्थ्याने एका मुलाचा खर्च उचलला, तर तो त्याचा एक खांब ठरेल. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने वहीत स्वतःचा एक प्रश्न लिहावा आणि परतल्यावर त्याचे काय झाले तेही लिहावे. पालकांनी या यात्रेला अभ्यासाचा खोळंबा समजू नये. जी मुले आईवडिलांना सोडून वसतिगृहात राहतात, त्यांनी शिक्षणाच्या वाटेवर पहिले पाऊल केव्हाच टाकलेले आहे.

त्या सोळांपैकी पिंगिय वयाने फार थकलेला होता. परंपरा सांगते की तोच गोदावरीकाठी परतला आणि ऐकलेले सारे त्याने बावरीला सांगितले. ज्याने पाठविले, तो आचार्य वाट पाहत बसला होता. आपली शाळाही अशीच वाट पाहते. येथून गेलेली मुले आज कार्यालयांत, कारखान्यांत, न्यायालयांत आणि परदेशांतही आहेत. वर्षातून एकदा व्यासपीठावर सत्कार स्वीकारून निघून जाण्याऐवजी त्यांनी एक संध्याकाळ वसतिगृहातील मुलांमध्ये बसावे, त्यांचे प्रश्न ऐकावेत, आणि बाहेरच्या जगात काय पाहिले ते जसे आहे तसे सांगावे. शाळेचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला दिसत नाही.