दारफाळणी आणि तुरुंगाचे दार

योम किप्पुरला आपण बेने इस्राएल दारफाळणीचा सण म्हणतो. त्या दिवशी आपण देवाकडे क्षमा मागतो. पण मिश्ना बजावते, की माणसाचा अपराध केला असेल तर त्याची समजूत काढल्याशिवाय योम किप्पुरनेही प्रायश्चित्त होत नाही. तोरासुद्धा चोराला कैद नव्हे, दुप्पट भरपाई सांगते.

अमेरिकेत आज सुमारे १९ लाख माणसे गजांआड आहेत. १८२९ साली फिलाडेल्फियात एकांतकोठड्यांचा मोठा तुरुंग उघडला, तोही धार्मिक हेतूने: कैद्याने एकटे बसून पश्चात्ताप करावा. ज्याचे नुकसान झाले, त्याला मात्र तिथे जागाच नव्हती.

उलट, कॅनडातल्या एल्मायरा गावी १९७४ मध्ये दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली, तेव्हा मेनोनाइट पंथातल्या एका प्रोबेशन अधिकाऱ्याने वेगळी वाट सुचवली. न्यायाधीशांनी त्या दोघांना घरोघर पाठवले. त्यांनी लोकांना तोंड दिले, नुकसान भरून दिले.

प्रत्येक गुन्हा असा मिटणार नाही; क्षमेची सक्तीही कोणावर करता येत नाही. तरी अमेरिकेतल्या आपल्या कुटुंबांनी अशा न्यायाची बाजू घ्यावी, असे आम्हांला वाटते. ती आपल्याच धर्माची शिकवण आहे.