लेकराच्या पावलाने



नाताळ झाला की आमच्या धर्मग्रामात वर्षअखेरच्या मिस्सेची तयारी सुरू होते. आभारप्रार्थनेचे कागद छापायचे असतात, मंडप सांभाळायचा असतो, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाचा हिशेब जुळवायचा असतो. यंदा त्या आठवड्यात आम्ही नव्हतो. रविवारची मिस्सा आटोपली, पाठीवर सॅक घेतली आणि बारा वर्षांच्या लेकीला घेऊन बेळगावहून पुण्याची गाडी पकडली. पुढे एस.टी.ने संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या काठावरच्या शेंडी गावी पोहोचलो. एक दिवस कळसूबाई, एक दिवस रतनगड, असा बेत होता.

परतल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सेवकांनी विचारले, "ऐन कामाच्या दिवसांत तुम्हाला डोंगर बरा सुचला?" प्रश्न हसत विचारला होता, पण तो खरा होता. त्याचे उत्तर तेव्हा नीट देता आले नाही, म्हणून इथे लिहीत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. जो माणूस चर्चच्या कामासाठी सदैव मोकळा असतो, त्याने वर्षातून काही दिवस आपल्या लेकरासोबत चालायला काढलेच पाहिजेत. आणि चालायचे ते लेकराच्या पावलाने, आपल्या नव्हे. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण आहे, हे आम्ही डोंगरावर शिकलो.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून वाट निघते. अंधार असतानाच आम्ही चालू लागलो. आधी शेतांचे बांध, मग खडकाळ चढ, आणि जिथे कडा आडवा येतो तिथे लोखंडी शिड्या. वाटेत गावकऱ्यांच्या झोपड्यांत लिंबू सरबत आणि चहा मिळतो. चढ दमवणारा आहे, पण जपून चाललेल्या मुलाला झेपण्यासारखा आहे.

झेपला नाही तो आमचा स्वभाव. आमच्या पुढे एक कुटुंब होते. त्यांचा मुलगा लेकीच्याच वयाचा असावा, तो शेळीच्या करडासारखा उड्या मारत चढत होता. आम्ही सारखे घड्याळ बघत होतो. "तो बघ कुठे पोहोचला," असे दोनदा तरी म्हणालो. लेक काही बोलली नाही, मान खाली घालून चालत राहिली. वर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात आसपासच्या वाड्यांतली माणसे इथे दर्शनाला चढून येतात. त्यांच्या श्रद्धेचा मान राखून आम्ही बाजूला उभे राहिलो. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते, पलीकडे अलंग, मदन, कुलंग हे गड उभे होते. अशा ठिकाणी ओठांवर आपोआप प्रार्थना येते. आमच्या हातात मात्र आधी मोबाइल आला. लेकीला उभे करून फोटो काढला आणि म्हणालो, "धर्मशिक्षणाच्या ग्रुपवर टाकू, सगळे खूश होतील."

ती म्हणाली, "पप्पा, ग्रुपसाठीच आलो का आपण?"

आम्ही हसून विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी रतनगड. पायथ्याला रतनवाडी, तिथे अमृतेश्वराचे जुने कोरीव दगडी देऊळ. वाट आधी प्रवरेच्या ओढ्यालगत दाट झाडीतून जाते आणि गडाजवळ पोहोचल्यावर शिड्या लागतात. गडमाथ्यावर खडकाला आरपार भोक आहे. सुईच्या भोकाला म्हणतो तसे त्यालाही नेढेच म्हणतात. उंट आणि सुईचे नेढे हा प्रभू येशूचा दाखला आमच्या वर्गात नेहमी येतो. लेकीला त्या नेढ्यात बसवून तो दाखला सांगायचा, असा आमचा घरून ठरवून आणलेला बेत होता. वाटाड्या म्हणून वाडीतले एक दादा बरोबर होते.

शिडीच्या पाच-सहा पायऱ्या चढून लेक थांबली. गज घट्ट धरून तशीच उभी राहिली. आम्ही खालून म्हणत होतो, "अगं, काल एवढे मोठे शिखर चढलीस, ही शिडी काय आहे! चल, अजून वीस पायऱ्या. एकोणीस." ती ना वर जाईना, ना खाली येईना. मागे इतर माणसे खोळंबली. आम्हाला राग येऊ लागला, आणि खरे सांगायचे तर तो लाजेचा राग होता.

दादांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, तुम्ही जरा गप बसा," एवढेच म्हणाले. मग ते दोन पायऱ्या चढले, लेकीच्या पायाखालच्या गजावर हात ठेवला आणि हळू आवाजात एकेक पाऊल सांगत तिला खाली उतरवले. खाली आल्यावर त्यांनी तिला पाणी दिले. पुन्हा चढायचे का, हेही त्यांनी तिलाच विचारले, आम्हाला नाही. तिने मान हलवली. आम्ही परत फिरलो. नेढे राहिले.

उतरताना ओढ्याकाठी भाकरी खायला बसलो. बराच वेळ कोणी बोलेना. मग ती खाली बघतच म्हणाली, "पप्पा, मला उंचीची एवढी भीती नव्हती वाटली. तुम्ही खालून मोजत होतात ना, त्याची वाटली." थोड्या वेळाने म्हणाली, "वर्गात पण मी म्हणूनच हात वर करत नाही. माझे चुकले की तुम्हाला लाज वाटते. मागे श्रद्धेची प्रार्थना चुकले होते तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, सरांच्या मुलीलाच येत नाही."

वाचकहो, ते वाक्य आम्ही विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती. दर रविवारी सकाळी आम्ही चाळीस मुलांना देव बापाच्या प्रेमाविषयी शिकवतो आणि पहिल्या बाकावर बसलेले आमचेच लेकरू बापाच्या भीतीने गप्प बसते. घरी हे कधी कळले असते? घरी आम्ही असतोच कधी? संध्याकाळी बैठक, शनिवारी सजावट, रविवारी वर्ग. जेवताना फोन. त्या ओढ्याकाठी फोनला रेंज नव्हती आणि आम्हाला कुठे पोहोचायचेही नव्हते, कारण जिथे पोहोचायचे होते ते राहून गेले होते. म्हणूनच ती बोलली, असे आम्हाला वाटते. नेढ्यापर्यंत गेलो असतो तर आम्ही दाखला सांगितला असता आणि तिने तो ऐकून घेतला असता.

आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे." मग भाकरीचा उरलेला तुकडा मागून घेतला.

त्या रात्री शेंडीला उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब आठवला. वीस वर्षांनी एसाव भेटतो, दोघे भाऊ गळ्यात पडून रडतात, आणि एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब त्याला नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, मेंढ्या दूध पाजणाऱ्या आहेत, एक दिवस जरी जास्त दामटले तरी कळप मरेल, म्हणून तुम्ही पुढे व्हा, मी मुलांच्या चालीने सावकाश येतो, असे तो सांगतो. यात याकोबाची सावध युक्ती होती असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. तरी चारशे माणसे घेऊन आलेल्या भावासमोर लेकरांची चाल हे कारण त्याला सांगता आले. आम्हाला घड्याळासमोरही सांगता आले नाही.

एलीचीही गोष्ट आहे. त्याने लहान शमुवेलाला देवाचा आवाज ओळखायला शिकवले, परंतु त्याची स्वतःची मुले हाताबाहेर गेली. दुसऱ्याचे लेकरू घडवणाऱ्या प्रत्येक सेवकाने ही गोष्ट वर्षातून एकदा वाचावी.

कोणी म्हणेल, सेवा ही प्रभूची आहे, तिच्यापुढे घरचे कौतुक काय? पण पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने लोकसमुदायाला निरोप दिला आणि तो प्रार्थनेसाठी एकटा डोंगरावर गेला. गर्दीला निरोप देणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. आपल्याला मात्र वाटते, आपण नसलो तर ताऱ्याची वायर कोण जोडणार? यंदा ती जोडली गेली. जेवणाचा हिशेबही जुळला.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. एवढ्या लांब जाण्याची रजा आणि पैसा सगळ्यांकडे नसतो. मान्य. पण बेळगावकरांना येळ्ळूरचा राजहंसगड आहे, डबा बांधून सकाळी निघाले तर दुपारी घरी. इंदूरच्या वाचकांना जानापाव आहे, वडोदऱ्याच्या वाचकांना पावागड. उंची महत्त्वाची नाही. वाट इतकी लांब असावी की बोलणे संपून शांतता यावी आणि त्या शांततेनंतर लेकराला स्वतःहून काही सांगावेसे वाटावे, एवढे पुरे.

आणि जाणार असाल तर चार गोष्टी आमच्या चुकांतून. पहाटे निघा आणि परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा. शिखर आले नसले तरी त्या वेळी फिरा. माणशी दोन-तीन लिटर पाणी घ्या. शिड्या-कडे असलेल्या वाटेवर गावातला माहीतगार सोबत घ्या, आणि त्याचे ऐका. मुलाला पुढे चालू द्या, म्हणजे तुमची चाल आपोआप त्याची होईल. पहिलाच डोंगर असेल तर पावसाळा टाळा, निसरड्या खडकावर हौस कामाची नाही.

आमची धर्मग्राम मंडळाला एक विनंतीही आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारनंतर कोणतीही बैठक, सराव किंवा वर्गणीफेरी ठेवू नये. ती दुपार सेवकांच्या मुलांची असावी. हे फादरांच्या कानावर घातले आहे. ते म्हणाले, बैठकीत विषय मांडा. मांडणार आहोत.

वर्गातही एक बदल केला. आता आम्ही मुलांना उभे करून प्रार्थना म्हणायला लावत नाही, सगळे मिळून म्हणतो. गेल्या रविवारी लेकीने हात वर केला. उत्तर चुकले. आम्ही म्हणालो, "बरे विचारात पाडलेस," आणि पुढे गेलो. पूर्वी असे जमत नव्हते, अजूनही दर वेळी जमेलच असे नाही.

रतनगडाला पुन्हा जायचे का, हे आम्ही तिला विचारलेले नाही. ती विचारेल तेव्हा बघू.

हे प्रभो, तू आम्हाला तुझी लेकरे सांभाळायला दिलीस, त्यांत आमचेही आहे, याचा विसर पडू देऊ नकोस. आमची घाई काढून घे. आमच्या लेकरांना आमची भीती वाटत असेल तर ती आम्हाला दाखव, आणि ती दिसेल तेव्हा परत फिरण्याचे धैर्य दे. आमेन.