यंत्राला भिडू होता आले पाहिजे

पत्त्यांत यंत्राने माणसाला हरवले, ही बातमी आता जुनी झाली. 2017 च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रॅटस’ने पिट्सबर्गमध्ये 1,20,000 डाव खेळून चार व्यावसायिक पोकरपटूंना नमवले. 2022 च्या मार्चमध्ये पॅरिसला ‘नूक’ने ब्रिजच्या आठ विश्वविजेत्यांविरुद्ध 80 पैकी 67 संच जिंकले. यश मोठेच आहे, पण ते कोणत्या अटींवर मिळाले हेही पाहायला हवे. लिब्रॅटसचा सामना एकास एक होता, त्यात भिडू नव्हताच. नूकच्या लढतीतून बोली वगळली होती आणि यंत्र ज्या जागी बसले, तिथे भिडूची पाने टेबलावर उघडीच असतात. साथीदाराच्या मनात काय आहे हे ओळखायची वेळ दोघांवरही आली नाही. म्हणूनच आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मेंढीकोट खेळणारे यंत्र घडवावे आणि अनोळखी माणसाचा भिडू म्हणून ते कसे खेळते, यावर त्याला जोखावे, असे माझे ठाम मत आहे.

मेंढीकोटात झगडा चार दश्श्यांसाठी. तीन मिळाल्या की डाव आपला. दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात जास्त, तो जिंकला. आपली 13 पाने पाहिल्यावर उरलेली 39 पाने तिघांत किती प्रकारे वाटली गेली असतील? सुमारे 845 कोटी गुणिले एक कोटी. एवढ्या आकड्यानेही संगणक अडत नाही; त्यातल्या काही हजार शक्यता उचलून तो प्रत्येकीत डाव खेळून पाहतो. तो अडतो दुसरीकडेच. भिडूने बदामाच्या राजाने उतारी केली, एक्का अजून बाहेर आहे आणि आपल्या हातात बदामाची दश्शी आहे. ती टाकायची का? भिडूने एक्का राखून राजा पुढे केला, की एक्का कोणाकडे आहे हे त्यालाही ठाऊक नाही? मागचा गडी हुकूम मारेल का? बोलायला आणि खुणा करायला मनाई असल्याने भिडूचे पान हेच त्याचे सांगणे, आणि ते समजायला भिडूच समजावा लागतो.

यंत्र स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून हे शिकेल, असे कोणी म्हणेल. ‘हानाबी’ या सहकार्याच्या पत्तेखेळावर डीपमाइंड आणि गूगलच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवले, की अशी यंत्रे आपल्याच प्रतीसोबत उत्तम खेळतात आणि परका भिडू मिळाला की कोलमडतात. त्यांचे संकेत त्यांनाच कळतात. दुसरा आक्षेप, मेंढीकोटाला एक नियमपुस्तक नाही: कुठे हुकूम झाकून ठेवतात, कुठे पहिल्यांदा रंग संपलेल्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरतो. ही अडचण खरी आहे, पण माणूस नव्या घरी खेळायला बसला की दोन डावांत तिथली रीत उचलतो. यंत्राकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी. महाविद्यालयांनी घरोघरचे नियम आणि माणसांनी खेळलेले डाव आधी नोंदवावेत, त्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवाव्यात आणि प्रकल्पाला गुण देताना यंत्रासमोर दर डावाला नवा माणूस भिडू म्हणून बसवावा.