कुरणाचा चातुर्मास

वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाने भगवान महावीरांकडून व्रते घेतली, तेव्हा त्याच्याजवळ प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज होते. याहून अधिक पशुधन ठेवणार नाही, अशी मर्यादा त्याने स्वतःस घालून घेतली. उपासकदशांग सूत्रातील हा प्रसंग परिग्रह-परिमाणाचा. परंतु पशू सांभाळणाऱ्यांनाही त्यातून एक बोध घेता येतो. संख्येला मर्यादा नसेल, तर सांभाळही नीट होत नाही.

आज अनेक पांजरापोळांपुढे हाच प्रश्न उभा आहे. दारी आलेल्या जीवाला नाही म्हणवत नाही. गुरे वाढतात, जमीन मात्र तेवढीच राहते. तीनशे किलो वजनाच्या गायीला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. शंभर गुरांना वर्षाला सुमारे २४० टन. उजाड माळावर हेक्टरी टनभर वाळलेले गवतही कठीण; नीट राखलेल्या कुरणातून त्याच्या दोन-तीन पट मिळू शकते. ही तफावत दरवर्षी देणगीच्या पैशाने, विकतच्या कडब्याने भरून काढली जाते.

व्यापाऱ्याला यातील मर्म लवकर कळेल. गवताची मूळे हे मुद्दल आणि वरची पाती हे व्याज. गुरे मारवेल, पवन्या अशी गोड गवते आधी खातात. खाल्लेले रोप पुन्हा पाती फोडते, ते मुळांतील साठा खर्चून. तो साठा भरून येण्याआधीच पुन्हा तोंड लागले, की मुळे आखूड होतात आणि काही वर्षांत रोप मरते. मग माळावर कुसळी आणि तरवड उरतात, पावसाबरोबर माती वाहून जाते. दया करणाऱ्याच्या हातूनच मुद्दल संपलेले असते.

उपाय आपल्या परंपरेला परका नाही. पावसाळ्यात भूमी जीवांनी आणि अंकुरांनी भरून जाते, म्हणून साधू-साध्वी चार महिने विहार थांबवितात. त्याच चार महिन्यांत कुरणालाही विसावा हवा. ओल्या जमिनीवर गुरांचे खूर पडले, की कोंब तुडवले जातात आणि माती घट्ट होते. म्हणून पावसाळाभर गुरे बाहेर ठेवावीत. गवत फुलोऱ्यात येताच, ते सकस असतानाच, विळ्याने कापून साठवावे. दिवाळीनंतर पिवळे पडलेले गवत कापण्यात वजन मिळते, पोषण मिळत नाही. कुरणाचे चार भाग करून एक भाग आळीपाळीने बी झडेपर्यंत राखावा. उरलेल्या भागांवर कापणीनंतर पाळीपाळीने चराई करावी आणि चार बोटे गवत शिल्लक असतानाच गुरे पुढे न्यावीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी पाळून गवत कापून नेण्याची रीत स्वीकारली; त्या दुष्काळी गावात चारा वाढला आणि दुधाचा धंदा उभा राहिला.

हिरवे गवत कापण्यात वनस्पतिकायाची विराधना आहेच. म्हणून जयणा हवी. लागेल तेवढेच आणि मुळाला धक्का न लावता कापावे. उलट, उन्हाळ्यात नवी पालवी फुटावी म्हणून माळ पेटविण्याची चाल सर्वथा टाळावी. पंधरा कर्मादानांत दवाग्नी लावण्याचा निषेध स्पष्ट आहे. त्या आगीत बीही जळते आणि असंख्य त्रस जीवही.

पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत पशूचे अन्नपाणी रोखणे हाही एक आहे. क्षमतेबाहेर गुरे घेऊन त्यांना अर्धपोटी उभे ठेवणे त्या अतिचारापासून किती दूर, याचा विचार विश्वस्तांनी करावा. एका संस्थेची जागा भरली, तर शेजारच्या संस्थेशी बोलून जीव तिकडे पोचविणे हीदेखील जीवदयाच.

पर्युषणात जीवदयेची टीप लिहिताना चाऱ्याबरोबर कुरणाचाही विचार व्हावा. एका भागाला कुंपण, उतारावर समतल चर, मारवेलची ठोंबे, गवत साठविण्यासाठी छपराची जागा, असे दान एका हंगामात संपत नाही. चारा एका दिवसाची भूक भागवितो. राखलेले कुरण पुढल्या वर्षीचीही भागविते.