विहारातलं वाचन साडेआठला ठेवा

मंडळी, आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा विहारात वर्षावास. आमच्याकडं रोज बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन असतं. चांगलंच आहे. पण वेळ सातची! आपल्या नगर भागात हे तीन महिने म्हणजे बाजरी-सोयाबीनची खुरपणी ते काढणी. बाया सहाला शेतातून येतात, मग धारा, स्वयंपाक. सातला बसतं कोण? आम्ही पुरुष अन् म्हातारी माणसं.

वर्षावास मुळात लोकांच्या तक्रारीवरूनच सुरू झाला. भिक्खू पावसाळ्यात फिरतात, हिरवं गवत अन् बारके जीव तुडवतात, ही तक्रार. भगवान बुद्धांनी ऐकून घेतलं, नियम केला. मग आपल्याला दीड तास पुढं जायला काय हरकत? अन् ग्रंथ बायांच्याही हातात द्या वाचायला, नुसती खीर करायला बोलवू नका.